नवलचा दिवस कोणता

धुळ्याहून चोपड्याच्या एस.टी.त बसल्यापासून फादर लोटनचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिशवी मांडीवरून खाली ठेवायची, पुन्हा वर घ्यायची, असं चाललेलं. उभा जन्म त्यांनी सेमिनरीत धर्मसिद्धांत शिकवला. चर्च काय मानतं, कोणत्या शब्दात मानतं आणि त्यापुढे एक शब्दही बोलायचा नाही, हे होणाऱ्या पाद्र्यांकडून घोटवून घ्यायचं, हेच त्यांचं काम. अडलं की बिशपसुद्धा त्यांना विचारत. आणि आता बहिणीच्या सुनेनं, पुनमनं, फोनवर आपल्या अहिराणीत एवढंच विचारलं होतं, "आबा, मना नवल कोठे शे?"

नवल तिचा पोरगा. रांगायलाही लागला नव्हता, तापानं गेला. बाप्तिस्मा राहून गेला. मामानं आंगडं-टोपडं आणल्याशिवाय बाळाला चर्चमध्ये न्यायचं नाही, ही त्या घरची रीत, आणि मामा वरणगावहून दिवाळीत यायचा होता. बाप्तिस्मा नसलेल्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नसते, असं घरच्यांनी आपणच ठरवलं आणि बाळाला केळीच्या बांधावर पुरलं.

खरं तर जीवावर बेतलं की कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, घरची आजीसुद्धा. हे फादरांनी किती वर्गांना शिकवलं होतं. सख्ख्या बहिणीला सांगायचं मात्र राहिलं.

बहीण बेबाबाई ओट्यावरच होती. "उना का भाऊ? मोठमोठल्या पुस्तकांतून घरची वाट सापडली म्हणायची."

"आधी पाणी देशील की टोमणे?"

"दोन्ही घे. सून जेवत नही. काय ते सांगी दे तिले."

पुनम तांब्या घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. फादरांनी बसमध्ये जुळवलेलं बोलायला घेतलं. "हे बघ पोरी, अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं. आम्हाला आशा आहे की..."

"आशा तुमनी शे, आबा. पोर्‍या कोठे शे?"

"आशा म्हणजे नुसतं वाटणं नव्हे गं, तिला आधार असतो..."

"म्हणजे शे का नही?"

फादरांच्या तोंडून 'शे', म्हणजे 'आहे', एवढा शब्द निघेना. देवानं उघड केलं नाही ते ठासून सांगायचं नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पोरांना नापास केलेलं.

पुनम खाली बसली. "उद्या सगळ्या संतांचा सण. परवा मृतांचा दिवस. संतांना आपण म्हणतो, आमच्यासाठी विनंती कर. आणि मेलेल्या माणसांसाठी आपणच विनंती करतो. मग नवलचा दिवस कोणता? परवाच्या प्रार्थनेत नाव दिलं तर तो अजून देवाकडे पोचला नाही, असं होतं. नाही दिलं तर तो कुणाचा नव्हताच, असं होतं. मेणबत्ती आणून ठेवली आहे. कधी लावू, एवढं सांगा."

"हे पुस्तकात नही का भाऊ?" बेबाबाईनं विचारलं.

"नाही."

"मग एवढी वर्षं काय वाचत बसला?"

शेवभाजी पुढ्यात निवून गेली. फादर ओट्यावरून गल्लीत जात, गल्लीतून ओट्यावर येत. खाटेवर टेकले की लगेच उठत. चपला शोधल्या तर त्या पायातच. आईला बरं वाटावं म्हणून बोललेला शब्द सिद्धांत होत नाही, हे त्यांचंच वाक्य, आणि तेच त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. पण गप्प बसलं तरी ती पोर त्याचा अर्थ 'नही' असाच लावणार. आणि 'नही' तरी चर्चनं कुठं म्हटलंय? घरोघर लोक आपल्या मेलेल्या आईला हाक मारतात, आमच्यावर लक्ष ठेव म्हणतात. त्याला चर्चनं कधी हरकत घेतली?

सकाळी ते म्हणाले, "चल, मेणबत्ती आजच लाव."

"म्हणजे शे?"

ते ओटा उतरून चालू लागले. विधीच्या वेळी पाद्री गळ्यात घालतो तो पट्टा, स्टोलही घातला नाही. चर्चच्या वतीनं नाही, घरचा लोटन म्हणून जायचं होतं. बांधावर चिखल होता, त्यातच ते गुडघ्यावर बसले.

"संत मारिये..."

"आमच्यासाठी विनंती कर," मागून पुनम आणि बेबाबाई म्हणाल्या.

"संत योसेफा... संत पेत्रा..." दोघींचा आवाज येत राहिला. मग फादर अडखळले. "नवल..."

केळीचं एक पान फाटकन वाजलं. मग पुनम म्हणाली, सुरुवातीला नुसत्या ओठांनी आणि मग मोठ्यानं, "आमच्यासाठी विनंती कर."

घरी जाऊन तिनं अर्धी भाकरी खाल्ली. फादरांनी मात्र ताट बाजूला सारलं. आपण 'शे' म्हटलं नाही हे खरं, पण मग केलं काय? विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर त्याला किती प्रश्न विचारले असते!

दुसऱ्या दिवशी, मृतांच्या दिवशी, चर्च भरलेलं होतं. इथला तरुण पाद्री हितेंद्र त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मृतांची नावं वाचता वाचता तो थांबला आणि पुढच्या बाकाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, तुमच्या घरच्या बाळाचं नाव राहिलं का?"

बायकांच्या बाजूनं पुनम वळून बघत होती.

"राहिलेलं नाही, काल घेतलं," ते म्हणाले. "पुढचं वाच."

हितेंद्र त्यांच्याकडे पाहतच वेदीपाशी परतला. मग पुढचं वाचू लागला.