अर्थ नको, शब्द हवेत

माझी भाची नवऱ्याची ओळख "हे दुभाषी आहेत" एवढ्यावरच उरकायची, आणि माझा जीव तुटायचा. परिषदांमध्ये मागच्या बाजूला काचेचं एक खोकं असतं. त्यात जावईबापू कानाला हेडफोन लावून बसायचे आणि व्यासपीठावरचा माणूस परक्या भाषेत बोलत असतानाच ते आपल्या भाषेत बोलत जायचे. वेग असा, की त्या माणसाने तोंड उघडावं तर ह्यांचं वाक्य अर्ध्यावर आलेलं. एकदा एक जाडजूड मंत्री भाषण करता करता उभ्याउभ्या झोपला. जावईबापूंनी उरलेलं भाषण स्वतःच पूर्ण केलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, त्या आवाजाने मंत्री जागा झाला आणि आभार मानून खाली बसला. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे असतो, तर नक्की पाहिलं असतं.

पगार असा, की सुट्टीत कुठे जायचं यावर घरात भांडणं व्हायची, जायचं की नाही यावर नाही. आणि बेचाळिसाव्या वर्षी या गृहस्थाने राजीनामा दिला. वैमानिक व्हायचं म्हणे!

"वीस वर्षं झाली, मामा," ते मला म्हणाले. "तोंड माझं आणि बोलणं दुसऱ्याचं. वर गेल्यावर तरी मी माझा असेन."

"वर काय, सगळेच जातात हो. एवढी घाई कशाला?"

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, की कपातला चहा मी गार होईपर्यंत नुसताच ढवळत बसलो.

प्रशिक्षण संस्थेचा नियम साधा होता. शेवटची परीक्षा तीनदा देता येई. तिसऱ्यांदाही नापास झालात, तर दार बंद.

विमान उडवणं त्यांना जमलं. उतरवायचे तर असे, की मागच्या सीटवर कोंबडी अंडं उबवत असती तरी तिला पत्ता लागला नसता. घोडं अडलं ते रेडिओपाशी. कंट्रोल टॉवरने सूचना दिली, की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणायची. म्हणजे याने नीट ऐकलं, अशी टॉवरची खात्री पटते. आता ज्या माणसाने वीस वर्षं एकच शिस्त पाळली, की ऐकलेला शब्द कानातच ठेवायचा आणि तोंडातून फक्त त्याचा अर्थ बाहेर काढायचा, त्याने काय करावं?

टॉवर म्हणे, "धावपट्टीच्या अलीकडे थांबा."

जावईबापू म्हणत, "धावपट्टीवर शिरत नाही."

"अलीकडे थांबा!"

"समजलं. तूर्त पुढे सरकणार नाही."

शेजारी बसून शिकवणारा कॅप्टन त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने कपाळावर हात मारला. "काका, अर्थ नकोय हो मला! अर्थ घरी ठेवून या. शब्द द्या, शब्द!"

पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदा नापास, आणि तेही इतक्या सुंदर भाषेत, की टॉवरवाल्याने म्हणे एक वाक्य लिहून घेतलं.

मग घरात तालीम सुरू झाली. भाची भाजी चिरता चिरता सूचना वाचायची आणि ते परत म्हणायचे. मला तोंडासमोर रिकामा डबा धरून टॉवर व्हायला लावलं होतं. एक शब्द बदलला, की सगळं पहिल्यापासून. तीन महिने. हळूहळू माणूस सुधारला. "आंघोळ करून घे," असं तिने म्हटलं, की आतून आवाज यायचा, "आंघोळ करून घे." भाची हसायची. नंतर नंतर हसेनाशी झाली.

तिसऱ्या परीक्षेला परीक्षक शेजारी. विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं. टॉवरने सूचना दिली, जावईबापूंनी काना-मात्रेसकट परत म्हटली. परीक्षकाने मान डोलावली. एवढ्यात टॉवरने दुसऱ्याच एका विमानाला, त्याचा क्रमांक घेऊन, उड्डाणाची परवानगी दिली. जावईबापूंनी तीही काना-मात्रेसकट परत म्हटली, त्या परक्या क्रमांकासकट, आणि निघाले! परीक्षकाने ब्रेक दाबला नसता, तर ही गोष्ट सांगताना उसनं हसूसुद्धा मला आणता आलं नसतं.

दार बंद झालं.

जुन्या कचेरीच्या प्रमुख बाईंनी त्यांना परत बोलावलं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस मिळाला नाही मला. या, बसा." ते खोक्यात बसले, हेडफोन लावला. व्यासपीठावरचा माणूस बोलू लागला आणि हेही बोलू लागले. पण त्याच्याच भाषेत. तेच शब्द, त्याच क्रमाने. सभागृहातली माणसं आपापले हेडफोन काढून टेबलावर आपटून पाहू लागली. यंत्र बिघडलं असं वाटलं त्यांना. बाई पळत आल्या, काचेवर टकटक केली, "भाषांतर! अहो, भाषांतर!" आणि शेकडो हेडफोनांतून आवाज आला, "भाषांतर. अहो, भाषांतर."

त्यानंतर ते घरीच असतात. डॉक्टरांचे उपाय झाले, विश्रांती झाली. गप्प बसलेले असले तर अगदी पूर्वीसारखे दिसतात. म्हणून परवा भाचीला आशा वाटली असावी. जेवणं झाली होती. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "नोकरी नको, विमान नको. फक्त तुझ्या मनात काय आहे ते एकदा सांग मला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. काहीतरी शोधत होते, हे मला दिसत होतं.

"फक्त तुझ्या मनात काय आहे," ते म्हणाले, "ते एकदा सांग मला."

मी मोठ्याने हसलो. मला वाटलं, थट्टा केली. दोघांपैकी कुणीच हसलं नाही. भाचीने त्यांचे हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवले आणि ती टेबल पुसायला उठली.