लवूच्या शिडावरचा सिनेमा

मित्रांनो, मी एक जुनं शीड आहे. आता माळ्यावर पडलोय आणि उंदरांना माझ्याशिवाय दुसरं काही गोड लागत नाही. पण माझेही दिवस होते. तोंडवलीच्या लवूने आणि त्याच्या बायकोने, शेवंतीने, अंगणात बसून मांजरपाटाचे पट्टे दाभणाने जोडून मला शिवलं. "लवूचा शीड बघा, कसा फुगला," लोक म्हणायचे, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

इतरांच्या होड्यांना इंजिनं लागली, तरी लवूने मला सोडलं नाही. ऐंशी सालच्या श्रावणात दर्या निवळायच्या आधीच तो बाहेर पडला. मागच्या होडीत त्याचा थोरला भाऊ होता, भाई. वाऱ्याने आमची होडी उलटवली. लवूने माझी कड घट्ट धरली होती. मग त्याची मूठ सुटली. भाई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लाटांनी मला वाळूवर आणून टाकलं, त्याला नाही.

आमच्या किनाऱ्यावर प्रेत मिळाल्याशिवाय कुणी 'बुडाला' म्हणत नाही. दारात अभद्र बोलू नये, म्हणून. जो तो शेवंतीला म्हणायचा, "येतलो गो." भाईसुद्धा तेच म्हणाला. तीही म्हणायची, "खंयच्या तरी बंदराक लागलो आसतलो." पाच वर्षं ती वाट बघत राहिली. माहेरचे न्यायला आले, तर घर सोडेना. तो आला आणि दार बंद दिसलं तर? मला सारं ठाऊक होतं. पण कापडाला कुठलं आलंय तोंड?

एकदा शाळेतल्या सुनीतीबाईंनी कुडाळहून सिनेमाचं यंत्र आणवलं. पडद्याला चादर पुरेना, म्हणून शेवंतीने मला दिलं. "ओढू नकात, जुना झाला आसा," तिने बजावलं.

सिनेमा परदेशातला. भाषा कुणाच्या बापाला कळेना, म्हणून बाई मधेमधे गोष्ट सांगत होत्या. एका दुकानदाराचं कुटुंब होतं. सरकार उलथलं की घरातला जुन्या पुढाऱ्याचा फोटो उतरायचा आणि त्याच खिळ्यावर नवा चढायचा. तिसऱ्या वेळी तर खिळाच निखळला. सगळं गाव हसलं. शेवंती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की मला माझ्यावरचं चित्र हलतंय असं वाटलं. मग शिपायांनी दुकानदाराला धरून नेलं. शिपायांनी त्याला ठार मारलं ते शेजाऱ्याने पाहिलं, पण दुकानदाराच्या बायकोला चकार शब्द सांगितला नाही. ती बिचारी खिडकीत बसून राहिली.

शेवंतीचं हसू मावळलं. "तेका ठावक होता, मगे सांगूक नाय कित्याक?" तिने विचारलं.

"धीर झाला नसेल," सुनीतीबाई म्हणाल्या.

शेवंती वळली. मागे भाई मान खाली घालून बसला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "भाईनू, खरा सांगा."

"माझ्या डोळ्यांदेखत बुडालो गो तो," भाई म्हणाला.

माझ्यावर चित्रं धावत होती. कुणी बघत नव्हतं. शेवंती हळू म्हणाली, "माका तेवाच रडूक तरी दिवक होया होता."

पुढे दर्भाचा पुतळा करून लवूचे विधी झाले. शेवंती माहेरी गेली. भाईशी ती पुन्हा बोलली नाही.

मित्रांनो, मला फाटल्याचं दुःख नाही, कापड फाटायचंच. पण तुम्हांला देवाने जीभ दिलीय. कुणी वाट बघत बसलं असेल आणि तुम्हांला ठाऊक असेल, तर जवळ बसा, हात धरा आणि सांगून टाका.