तिसऱ्या रांगेला दार नसतं

पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. शोरूममध्ये घरातली सगळी माणसं गाडीत बसून पाहत होती आणि माझ्यावर मात्र त्यांनी पर्सा ठेवल्या.

मी तिसरी रांग बोलतेय. सात माणसांच्या इलेक्ट्रिक गाडीतली सगळ्यात मागची, दोघांपुरती सीट. पुढच्या दोन्ही रांगांना दारं आहेत, मला नाही. माझ्यावरच्या माणसाला उतरायचं असेल तर आधी मधल्या रांगेतल्यांनी उतरायचं, मग दाराजवळची कळ ओढून त्यांची सीट दुमडायची. म्हणजे माझ्यावर बसणाऱ्याचं उतरणं कायम दुसऱ्याच्या हातात.

कारखान्यात माझी ताकद बघायला वाळूच्या पिशव्या बसवल्या होत्या. जाहिरातीच्या फोटोसाठी दोन लहान पोरं बसवली आणि त्यांना हसायला सांगितलं. मोठं माणूस काही बसवलं नाही. गुडघे हनुवटीला लागले असते आणि फोटोची शोभा गेली असती. तरी मी खुशीत होते. कुणाच्या तरी घरची होणार होते ना!

ते घर गारखेड्यातलं निघालं. काकासाहेब, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई, मुलगा ऋतुराज, लहान मुलीला घेऊन माहेरी राहायला आलेली मुलगी सायली आणि सून प्रेरणा. प्रेरणा एम.ए. झालेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. तेव्हा तिला पाचवा महिना होता. शोरूममधल्या सम्यकनं विचारलं, "मागं कोण बसणार, सर?" कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

ती आपण होऊन मागं आली, पर्सा मांडीवर घेऊन माझ्यावर बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ती सहा सीटवाली घेऊ या ना. तिच्यात मधनं वाट असते, मागच्याला आपलं आपण उतरता येतं. कॉलेजात मी लिफ्टमध्ये अडकले होते, तेव्हापासून मला..."

"झालं! लिफ्टपुराण सुरू झालं वहिनीचं," सायली म्हणाली.

सम्यकनं घसा खाकरला. "सर, सहा सीटवाली दिवाळीनंतरच मिळेल. वरूनच माल कमी येतोय. सात सीटवाली ही एवढी एकच उरलीय आणि जालन्याची पार्टी तिच्यासाठी रोज फोन करतेय. टॅक्स माफी आज आहे. दिवाळीत राहील का, ते मी नाही सांगू शकत."

"मग थांबू या की दिवाळीपर्यंत," प्रेरणा म्हणाली.

"आन माफी गेली तर टॅक्स कोन भरंल? तुझा बाप?" ऋतुराजनं आरशात केस सारखे केले. "लासूर स्टेशनचं दुकान फुकून टाकलं तरी चार टायर येत न्हाईत त्याचे."

सगळे खो खो हसले. सत्यभामाबाईंनी तर डोळे पुसले. "आन सहाचीच घिऊन पोटातल्याला काय टपावर बसवायचं व्हय गं?"

काकासाहेब तेवढे हसले नाहीत. "हिला काय गाडीत संसार थाटायचाय? सातवाली काढ रे," म्हणाले आणि निकाल लागला. अशी माझी निवड झाली. पेढे वाटले, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

पुढं माझ्यावर काय काय बसलं! कांद्याची गोणी, सतरंज्या, तुपाचे डबे. आणि प्रेरणा. "तू मागं लोळत ये गं, तुला ऐसपैस," असं सत्यभामाबाई इतक्या गोड आवाजात म्हणायच्या की शेजारच्या बायकांना या सासूचं कौतुक वाटायचं. दवाखान्यात तपासणीला जातानाही मधल्या सीटवर सासू, नणंद आणि नणंदेची लहान मुलगी. जिची तपासणी, ती मागं. खड्डा आला की ती पोटाला हात लावायची आणि मी माझा फोम होता नव्हता तेवढा मऊ करायची. एकदा तिला मळमळलं तेव्हा पुढून फक्त कॅरीबॅग आली. "सीटला डाग पाडू नको बरं का."

पोचल्यावर सगळी उतरायची, पदर सारखे करायची, दोन पावलं चालायचीही. मग कुणाला तरी आठवायचं. "अगं बया, ही मागंच राहिली की!" हा त्या घरातला हुकमी विनोद झाला. प्रेरणासुद्धा हसायची. तिच्या पाठीचा घाम माझ्या कापडात उतरायचा, म्हणून ते हसू कसलं होतं हे मला ठाऊक आहे.

आज काकासाहेबांच्या दौलताबादच्या शेतात नव्या गाडीची पार्टी आहे. मे महिना आहे, प्रेरणाला सातवा लागलाय. पहाटेपासून पुऱ्या लाटून ती इतकी दमली होती की गाडी सुटताच माझ्यावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

आमच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्याचा घरात सगळ्यांना अभिमान. डिझेलची गाडी असती तर बंद होताना एक गचका बसला असता आणि दचकणारी प्रेरणा टुणकन उठली असती. आमची गाडी थांबली ते हवेलासुद्धा कळलं नाही. झाडाखाली पाखरं घाण करतात म्हणून ऋतुराजनं ती उघड्या उन्हात, मांडवापासून लांब लावली. सायलीची मुलगी म्हणाली, "मामी झोपलीय." सायली म्हणाली, "झोपू दे. उठली की येईल आपली आपण."

आपली आपण!

सगळी गेली. चालता चालता, मागं न बघता ऋतुराजनं किल्लीचं बटण दाबलं. टिक.

आता प्रेरणा जागी आहे. माझ्या बाजूची काच उघडत नाही, तिची रचनाच तशी. तिनं मधल्या सीटमागून हात घातला. कळ लांब राहिली. पाठ ओलांडायला पाय उचलला. पोट मध्ये आलं आणि कळवळून ती खाली बसली. तिनं काच बडवली, हाका मारल्या. मांडवात गाणी लागलीयेत.

तिनं ऋतुराजला फोन लावला. पुढच्या दोन सीटांच्या मधे उजेड पडला आणि तिथंच फोन घुरघुरू लागला. चार्जिंगला ठेवून विसरून गेलाय तो. स्वतःचं नाव लांबून चमकताना ती बघत राहिली. मग सायलीला लावला. तिनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. लासूरला आईला लावावा म्हणून नाव काढलं आणि थांबली. आई लांबून काय करणार, नुसती घाबरून जाईल. शहाणी पोरगी, इथंही दुसऱ्याचीच काळजी.

माझं कापड तापलंय. माझ्या फोमचा वास तिच्या नाकातोंडात जातोय आणि मला माझीच शिसारी येतेय. तुम्ही कुणी या बांधावरून जात असाल तर त्या पांढऱ्या गाडीची काच फोडा. नव्या गाडीला ओरखडा पडेल म्हणून बिचकू नका. मला बोलता येतं, पण हात नाहीत हो.

ओठ कोरडे पडलेत तिचे. आता सासूबाईंचा नंबर लावलाय. रिंग वाजतेय. वाजतेय. पोटावरचा हात तिनं घट्ट केलाय.

उचलला!

"सासूबाई, मी..."

"कुठं उलथलीस गं तू?" सत्यभामाबाईंचा आवाज गाण्यावरून चढला. "पंगत बसली हितं, वाढायला तुझी आई यील का?"