टिचबटणं नकोत

टेगनचा उजवा हात जन्मापासून तिचं ऐकत नसे. मूठ आवळलेली, मनगट आत वळलेलं, कोपर कायम बरगडीशी. उजवा पायही जरा ओढत चालायचा. एकतीस वर्षांत तिने त्या हाताशी समझोता केला होता. त्याने दाबून धरायचं, टेकू द्यायचा. बारीक कामं डाव्याने करायची. कांदा चिरणं, गाडी चालवणं, नगरपालिकेच्या कचेरीत टाइप करणं, सगळं त्या समझोत्यात बसलं होतं. दिवस गेले तेव्हा मात्र तिच्या मनात पहिला विचार आला तो लंगोटाचा.

तिचा नवरा कॅलम खाणीत होता. आठ दिवस डोंगरापलीकडे खाणीवरच मुक्काम, मग सहा दिवस क्वीन्सटाउन गावी घरी. म्हणजे महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस बाळ आणि ती, दोघंच.

सहाव्या महिन्यात तिने वाचनालयातल्या बायकांच्या मंडळातून तऱ्हेतऱ्हेच्या लंगोटांची एक पिशवी उसनी आणली. सराव करायला बाहुली काही मिळेना, म्हणून फ्रीजमधली अख्खी कोंबडी काढून टेबलावर उताणी ठेवली. नेमकी त्याच वेळी तिची सासू ग्लेनिस मागच्या दाराने आत आली. ग्लेनिस समोरच्याच घरात राहायची आणि दार वाजवणं तिला ठाऊक नव्हतं.

"हे काय, रविवारचं जेवण?"

"बाळ आहे."

"बाळाला मुंडकं नाहीये, पोरी."

"मला मुंडक्याशी काम नाही."

ग्लेनिस खुर्ची ओढून बसली आणि तिने सगळा तमाशा पाहिला. टिचबटणाच्या लंगोटाला एका हाताने खालची बाजू धरून दुसऱ्याने वरून दाबावं लागायचं. टेगनने दाबलं की कोंबडी टेबलावरून घसरायची. ग्लेनिसच्या काळच्या चौकोनी टॉवेलाचा आणि पिनांचा तर प्रश्नच नव्हता. मग दुकानातलं डायपर. त्याची चिकटपट्टी एकदा चिकटली की चिकटली. वाकडी बसली म्हणून ओढली की टर्रकन फाटायची. अशी तीन फाटली. शेवटी वेल्क्रोचा कापडी लंगोट. तो वाकडा बसला, तिने उघडला. पुन्हा वाकडा बसला, पुन्हा उघडला. उजव्या मुठीने कोंबडीचं पोट दाबून धरायचं, डाव्याने एक पट्टी, मग दुसरी. सातव्या खेपेला नीट बसला.

"एवढा हट्ट कशाला?" ग्लेनिस म्हणाली. "डायपर वापर, फेकून दे, मोकळी हो. चार पोरं वाढवलीत मी. लंगोट धुणं म्हणजे काय ते मला विचार."

"हट्ट नाही, ग्लेनिस. डायपर मला एकदाच संधी देतं. हा दहादा देतो."

पर्ल मार्चमध्ये जन्मली. किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी एक बाई फाईल घेऊन टेगनच्या खाटेशी आली. गोड बोलली. बाळाला एकटीने आंघोळ कशी घालणार, उचलणार कशी, पडलीबिडली तर काय करणार, असं सगळं विचारलं आणि उत्तर ऐकून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला असं कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून घरी तपासायला येणारी परिचारिका रोवेना दारात दिसली की टेगन आधी तिच्या हातात फाईल आहे का ते बघायची.

लंगोट बदलणं जमलं. जमिनीवर गादी घालून त्यावर पर्लला ठेवायचं, म्हणजे पडायची भीती नाही. धुणं मात्र जिवावर आलं. धुण्याची खोली मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. भिजलेल्या लंगोटांची बादली डाव्या हातात, म्हणजे कठडा धरायला हात नाही. वाळत घालताना चिमटा दातात, कापड खांद्यावर. जुलै, म्हणजे तिथला ऐन हिवाळा, उजाडला आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. एकोणीस दिवस दोरीवर काही वाळलं नाही. स्वयंपाकघरात शेगडीभोवती, खुर्च्यांच्या पाठींवर, कपाटांच्या कड्यांवर जाड घड्या लोंबत होत्या आणि घराला ओल्या कापडाचा नि धुराचा वास लागला होता. शिवाय पर्ल आता अंग वळवायला शिकली होती. एक लंगोट बांधायला आठ मिनिटं लागायची आणि तेवढ्यात ती दुसरा भिजवायची.

त्या मंगळवारी कॅलमला जाऊन पाच दिवस झाले होते. दहाला रोवेना येणार होती. साडेनऊला टेगनने पाहिलं तर कोरडा लंगोट एकच उरला होता. पर्लला पाळण्यात ठेवून ती बादली घेऊन निघाली. दुसऱ्या पायरीवर उजवा पाय अडकला. ती बसल्यासारखी खाली आली. लागलं फारसं नाही, पण बादली उलटली आणि अकरा लंगोट चिखलात पसरले. आतून पर्लचं रडणं ऐकू येत होतं. टेगनला उठायचं होतं. पण अंगातून कुणी दोरा ओढून घ्यावा तसं सगळं सैल झालं होतं. ती पावसात तशीच पायरीवर बसून राहिली. रडूसुद्धा आलं नाही. तेवढी ताकद कुठली असायला!

रोवेना आली तेव्हा टेगनच्या पाठीवर चिखल होता आणि पर्ल तिच्या काखेत हुंदके देत होती. रोवेनाने काही विचारायच्या आत मागचं दार उघडलं. ग्लेनिस डायपरचा गठ्ठा घेऊन आत आली.

"बघा तुम्हीच," तिने रोवेनालाच साक्षीला धरलं. "अंगणात लंगोटांचा सडा पडलाय. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, हिला झेपायचं नाही."

टेगनने रोवेनाच्या वहीकडे पाहिलं. हे वाक्य आता कागदावर जाणार.

"टेगन," रोवेना म्हणाली, "डायपर वापरायला तुझी काही हरकत आहे का? वाईट नसतं ते."

हाच प्रश्न तिला दुकानातल्या बाईने विचारला होता, डॉक्टरने, कॅलमच्या बहिणीनेही. उत्तर देऊन देऊन जीभ थकली होती.

"बसा. दाखवते," ती म्हणाली.

तिने पर्लला गादीवर ठेवलं. आधी डायपर घेतलं. एक पट्टी चिकटेपर्यंत पर्ल वळली. पट्टी तिच्या मांडीला चिकटली. सोडवताना पोरगी किंचाळली. दुसरी पट्टी टेगनच्या बाहीला. ओढली तशी फाटली. मग तिने शेवटचा कोरडा लंगोट घेतला. उजव्या मुठीचा हलका भार पर्लच्या पोटावर, डाव्याने कापड खाली सरकवलं, एक पट्टी. पर्ल वळली. टेगन थांबली, जिभेने टॉक टॉक आवाज काढला. पर्ल तिच्या तोंडाकडे बघत राहिली, तेवढ्यात पट्टी उघडून पुन्हा लावली, मग दुसरी. मांडीपाशी बोट फिरवून पाहिलं. घट्ट नाही, सैल नाही.

रोवेनाने पेन उचललं.

"काय लिहिताय? वाचून दाखवा," ती म्हणाली. असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती.

रोवेनाने तिच्याकडे पाहिलं आणि वही तिच्याकडे वळवली. 'लंगोट बदलणे: उत्तम. धुण्यासाठी मदत हवी.'

"बदलायला तुला कुणाची गरज नाही," ती म्हणाली. "पण त्या पायऱ्यांवरून बादली नेणं मलाही जमणार नाही. मदतनीस मागायचा अर्ज असतो. आठ पानी आहे, मंजूर व्हायला महिने लागतात. मी निम्मा भरून आणते. तोवर कुणी आहे?"

टेगनने पर्लला उचलून घेतलं. ग्लेनिस खिडकीकडे बघत होती.

"माझ्याकडे सुकवायचं यंत्र आहे," ग्लेनिस म्हणाली. "आजवर हिने कधी मागितलं नाही."

"मागितलं असतं तर म्हणाली असतीस, बघ, झेपत नाही."

"म्हणालेच असते." ग्लेनिसने नाक ओढलं. "आणि लंगोटही धुऊन दिले असते. दोन्ही केलं असतं मी."

रोवेना गेल्यावर ग्लेनिसने अंगणातले लंगोट वेचले आणि बादली घेऊन रस्ता ओलांडला. जाताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. टेगनने पर्लला पाजलं, पाळण्यात ठेवलं, आणि चिखलाच्या कपड्यांनिशी सोफ्यावर आडवी झाली. पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली ती ग्लेनिसच्या आवाजाने. तिच्या हातात चार हात लांबीची एक माळ होती. अकराच्या अकरा लंगोट वेल्क्रोने एकमेकांना असे धरून बसले होते की टोक सापडेना.

"असली कसली कापडं!"

"पट्ट्या बंद करून लंगोट यंत्रात टाकायचे असतात," टेगन उठून बसत म्हणाली.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"झोपले होते."

ग्लेनिसची बोटं संधिवाताने वाकलेली. तिच्याने पट्टी सुटेना. टेगनने एक टोक गुडघ्यांत धरलं, दुसरं दातांत, आणि डाव्याने ओढलं. अर्धा तास लागला. लंगोट मात्र गरम आणि कोरडे होते.

त्यानंतर ग्लेनिस एक दिवसाआड बादली न्यायची, आणि दर वेळी काहीतरी बोलायचीच. टेगन कधी उत्तर द्यायची, कधी नुसती मान हलवायची. कॅलम घरी आला की पायऱ्यांचं काम त्याच्याकडे. रोवेनाने अर्ज भरून आणला, टेगनने डाव्या हाताने आठही पानांवर सह्या केल्या. मंजुरी ऑक्टोबरात आली, आठवड्याला दोन तासांची. तोवर पर्ल रांगायला लागली होती आणि लंगोट बांधायचा तर आधी तिला टेबलाखालून ओढून काढावं लागत होतं.