एकास सहा

चॉकलेटच्या कारखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडे. कोकोच्या बियांचा नवा माल उतरला की आधी नुसत्या त्याच मालाचे चार-सहा बार बनत. जीभबाई ते चाखणार, मगच तो माल दुसऱ्या मालात मिसळून विक्रीचं चॉकलेट होणार. चाखून उरलेले बार घरी न्यायचे, ही तिथली जुनी रीत. गेले पाच महिने ते लेकीकडे जात होते. लेकीला आता सातवा महिना लागला होता. तीन वर्षांच्या नातीला ते कडूच लागणार, म्हणजे वाटेकरीही नाही.

त्या दुपारी ती बार पिशवीत टाकत होती, तेवढ्यात प्रयोगशाळेतली नवी मुलगी दारात आली.

"बाई, हा एकास सहावाला माल ना? न मिसळलेला? घरी कोण खातं?"

"लेक. पोटुशी आहे."

मुलीचा चेहरा पडला. "अहो, एकास सहा चवीसाठी नाही. या बियांत शिसं जास्त आहे. सहापट चांगला माल घातला की आकडा मर्यादेत बसतो. लहान जिवाला तर ते फार वाईट. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

कोण सांगणार? प्रयोगशाळेतून मिसळायच्या प्रमाणाची चिठ्ठी यायची, 'एकास सहा', आणि जीभबाई मान डोलवायची, बरोबर आहे, कडूपणा जरा जास्तच! पंचवीस वर्षं ज्या जिभेचा तोरा मिरवला, तिला शिसं कळलं नव्हतं.

लेकीचं घर दोन स्टॉपवर. बसची वाट पाहायचा धीर नव्हता, ती चालतच सुटली. बाळाला काही झालं तर? आणि तेही आपल्याच हातानं?

लेकीनं दार उघडलं. "अगं, धापा का टाकतेयस?"

"ते बार... रोज खात होतीस?"

लेक ओशाळली. "रागावू नकोस हं. मला वासानंच मळमळायचं. एकही खाल्ला नाही मी."

जीभबाई मटकन खुर्चीत बसली. जिवात जीव आला, डोळे भरून आले. "सुटलो गं बाई! फेकून दिलेस ना?"

"फेकेन कशी? तू एवढ्या मायेनं आणायचीस. साखरेत घोळवून हिला देते, रोज दोन वड्या. त्याशिवाय जेवतच नाही."

आतून नात धावत आली आणि आजीची पिशवी ओढू लागली. जीभबाईनं जन्मात पहिल्यांदा तिचे हात झटकले. पोरीनं भोकाड पसरलं.

"तिच्या पायात चप्पल घाल," ती लेकीला म्हणाली, "दवाखान्यात जायचंय. वाटेत सांगते मी काय केलंय ते."