एम की डब्ल्यू

मित्रांनो, बघायचे तर लांबून बघा, हात लावू नका. मी सागवानाची एक जुनी पेटी आहे. माणसांच्या हातांवरचा माझा विश्वास कधीच उडाला आहे.

एकोणीसशे तीसच्या सुमारास भाजे गावच्या अंबाजी सुताराने मला घडवले. माझ्या पोटात इंग्रजी अक्षरे कोरलेले लहान लहान ठोकळे असत. लोणावळ्याच्या रेल्वे कचेरीतले कारकून केशवराव यांनी ती अक्षरे कागदावर काढून दिली होती. अंबाजीला इंग्रजी येत नव्हते. त्याने एम आणि डब्ल्यू हुबेहूब सारखे कोरले. ठोकळा उलटा धरला की एकाचा दुसरा होई. केशवरावांच्याही ते लक्षात आले नाही.

दर रविवारी तळेगावहून दिगंबरमास्तर येत. ते शाळेत इंग्रजी शिकवत. केशवरावांची बायको चंद्रिका ही त्यांची धाकटी बहीण. मेहुणे-मेहुणे मला मध्ये घेऊन बसत. डोळे मिटून सात ठोकळे काढायचे आणि त्यांतून प्रत्येकाने आपापला इंग्रजी शब्द लावायचा. ज्याचा शब्द लांब, तो जिंकला. याला ते खेळ म्हणत. केशवराव हरले की चंद्रिकेच्या चहाला नावे ठेवत. मास्तर हरले की जेवण टाकून स्टेशनवर जाऊन बसत. दोघेही माझे झाकण आपटत. माझी बिजागरी त्यातच खिळखिळी झाली.

एका रविवारी केशवरावांनी कचेरीतल्या मंडळींना फराळाला बोलावले. मंडळींनी माझे फार कौतुक केले. मग खेळ मांडला. एस, टी, ए, आर, ई, डी असे सहा ठोकळे निघाले आणि सातवा तो, एम म्हणा की डब्ल्यू. केशवरावांनी सहा अक्षरांचा 'मास्टर' लावला. सगळ्यांनी वाहवा केली.

मास्तरांनी ठोकळे माझ्या झाकणाआड ओढले. त्यांनी आधी कोणता शब्द जुळवला, तो मी पाहिला. 'स्मार्टेड', म्हणजे झोंबले. सातही अक्षरे त्यात बसली होती. तेवढ्यावर ते जिंकले असते. पण त्यांनी तो मोडला, एक ठोकळा उलटा केला आणि दुसरा शब्द सगळ्यांपुढे मांडला, 'स्टुअर्ड'.

केशवरावांचे वडील खंडाळ्याच्या एका साहेबी हॉटेलात स्टुअर्ड होते. साहेबांच्या टेबलावर मांसमच्छी वाढण्याचे काम त्यांनी जन्मभर केले. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. कचेरीत तर कुणाला ठाऊकही नव्हते.

मास्तर हसत म्हणाले, "हा शब्द केशवरावांना घरचाच."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. केशवरावांचा चेहरा उतरला. तो ठोकळा एम आहे, शब्द बाद, असे ते म्हणाले. डब्ल्यू आहे, असे मास्तर म्हणाले. मंडळी कशीबशी निरोप घेऊन गेली. मग केशवरावांनी मास्तरांना पुन्हा या घराची पायरी चढू नका म्हणून सांगितले आणि चंद्रिकेचे माहेर त्या दिवसापासून बंद केले.

दुसऱ्या दिवशी ते मला काखोटीला मारून भाज्याला गेले. अंबाजी वैतागला. "तुमी कागद दिलता, आमी तसंच कोरलं. भांडान तुमचं, मला कशापायी इचारता?" केशवरावांनी तो ठोकळा कोटाच्या खिशात टाकला. मला कोनाड्यात कोंबले. झुरळे माझ्यात नांदू लागली. चंद्रिका भाऊबिजेला ताट तयार करी आणि तसेच आवरून ठेवी.

मग एका थंडीत तळेगावहून भाजी घेऊन येणारा रखमाजी दारात उभा राहिला. "बाई, तुमची आय लय आजारी हाय. सारखं तुमचं नाव घेती."

चंद्रिका लुगडी बांधू लागली. केशवराव म्हणाले, आधी तुझ्या भावाने तो एम होता असे कबूल करावे, मग जा. रखमाजी तो निरोप घेऊन गेला. मास्तरांचा उलट निरोप आला, डब्ल्यूच होता. आई तिकडे अंथरुणाला खिळली होती आणि तिचा मुलगा नि जावई भाजीवाल्याच्या हाती एक अक्षर पाठवत होते.

सकाळी चंद्रिकेने मला उघडले. सगळे ठोकळे तिने बंबात टाकले. कोटाच्या खिशातला ठोकळाही टाकला. केशवराव पंचा घेऊन आले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पाणी तापलंय. आता एमही नाही नि डब्ल्यूही नाही. मी आईकडे जाते."

"गेलीस तर परत येऊ नकोस," ते म्हणाले.

तिने माझ्यात फणी-करंडा ठेवला, मला गाठोड्यात घातले आणि स्टेशनची वाट धरली.

आईने तिला ओळखले. तिच्या हातची पेज घेत ती बाई आणखी काही दिवस जगली. एका दुपारी चंद्रिकेने भावाला विचारले, "दादा, त्या दिवशी दुसरा शब्द सुचला होता का तुला?"

मास्तर म्हणाले, "सुचला होता."

आई गेल्यावर चंद्रिका लोणावळ्याला परतली. केशवरावांनी दार उघडले. पुढे कितीतरी वर्षे त्या घरात कामापुरतेच बोलणे होते. भावाला तिने पुन्हा कधी ओवाळले नाही.

मित्रांनो, जुनी पेटी पुसून ठेवा, तिला ओल लागू देऊ नका, असे सांगायची मला हौस नाही. लाकूड कुजायचे तेव्हा कुजेल. पण जिंकायला पुरतील असे दोन शब्द तुमच्या हाती आले आणि त्यांतला एक समोरच्याच्या जिव्हारी लागणारा असला, तर दुसरा लावा. एवढे जमणार नसेल, तर खेळायला बसू नका.