पाठीवरचा नंबर

मित्रांनो, चार बटणांचा, कोपऱ्यात चरा गेलेला मी एक जुना हँड कंट्रोलर आहे. तुमच्या तळहातात मावेन एवढाच. वेगासाठी खास तयार केलेल्या गाड्यांत मूळचा कॉम्प्युटर काढून दुसरा बसवतात. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. पण त्याला ना तोंड, ना डोळे. त्याच्या मनातलं पडद्यावर दाखवायचं आणि माणसाचं म्हणणं त्याला कळवायचं, हे माझं काम.

माझा जोडीदार कॉम्प्युटर होता बाबांच्या निळ्या गाडीत. बाबा म्हणजे गॅरेजचे मालक. ते डोळे मिटून इंजिन ऐकत आणि माझं बटण हलकेच दाबत. अशी सात वर्षं आम्ही त्या इंजिनाचा सूर लावला. बाबांचा एक नेम होता. कुठलाही कंट्रोलर जोडण्याआधी एकानं त्याच्या पाठीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं कॉम्प्युटरवरचा. भिंतीवरच्या यादीत दोन्ही एका ओळीत सापडले, तरच वायर जोडायची.

"बाबा, हजेरी घेताय का?" असं म्हणून मुलगा हसायचा.

इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेलं आणि बाबांचे कान अधू झाले. गॅरेज मुलगा आणि मुलगी पाहू लागले. मुलाला सगळे दादा म्हणत, मुलीला ताई. दादानं माझ्या जागी रंगीत पडद्याचा नवा कंट्रोलर आणला. नव्याचे नऊ दिवस म्हणत मी खणात वाट पाहत राहिलो.

एकदा एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा कंट्रोलर बिघडला. दादानं घाईघाईत मला तिथं जोडलं. "बसतंय ना? मग चालतंय!" मी बसलो खरा, पण तो कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा होता. त्याचे आकडे मला उमजेनात. इंजिन उकळत होतं आणि मी आपला ब्याऐंशी अंश दाखवत होतो. शेवटी बॉनेटमधून वाफ आली. "खोटारडा डबा!" म्हणत दादानं मला भंगारात फेकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार लागलं ते.

पुढे बरेच दिवस बंद उभी असलेली निळी गाडी चालू करायची ठरली. रंगीत पडदा तिच्या कॉम्प्युटरशी काही केल्या बोलेना. दादानं बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं, "कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं पुसतो. तुम्ही नव्यानं सूर लावा."

बाबा हळूच म्हणाले, "आता मला कुठं ऐकू येतंय, बाळा?"

"थांब दादा, काही पुसू नकोस!" ताई भंगाराकडे धावली. तिनं मला पुसलं, उलटं केलं आणि नंबर वाचला. दादानं सीटखाली वाकून कॉम्प्युटरचा वाचला. दोन्ही यादीत एकाच ओळीत होते.

"वाफ आली त्या दिवशी वाचला होतास का रे?"

"नाही गं," दादा खाली मान घालून म्हणाला.

वायर जोडली. सात वर्षांचा एकेक आकडा माझ्या पडद्यावर उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला. इंजिन सुरू झालं. बाबांनी दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले, डोळे मिटले. कानांऐवजी तळव्यांनी ते इंजिनाची थरथर ऐकत होते.

"तोच सूर," ते म्हणाले.

मित्रांनो, एखाद्याला खोटा ठरवण्याआधी तो चुकीच्या जागी तर जोडला नाही ना, एवढं बघा. आता मी यादीशेजारच्या खिळ्यावर असतो. दादा हल्ली नंबर इतक्या मोठ्यानं वाचतो, की बाबांनाही ऐकू जातो.